आठशे बारा नंबरची मागची पानं

“ह्या पोरीले शेवट दिसला, पण ऐकू नाई आला.”

हे वाक्य मी कपाटाच्या अलीकडून ऐकलं. बोलणारा माणूस पलीकडे, वाचनालयाच्या मागच्या व्हरांड्यात बसला होता, आणि पोरगी म्हणजे मी होते. पाचच मिनिटांपूर्वी मी आठशे बारा नंबरची कादंबरी टेबलावर ठेवली होती आणि कोणाचं लक्ष नाही असं बघून दाराकडे निघाले होते. त्या कादंबरीच्या शेवटी काही कोरी पानं शिवलेली होती. पहिल्या पानावर लाल शाईनं लिहिलं होतं, ‘जे समजलं नाही ते इथे लिहा.’ त्याखाली मी पेन्सिलीनं, शक्य तितक्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘नायिका कचेरीत नवऱ्याचं नाव सांगते आणि कादंबरी संपते. मग काय?’

“ताई नवीन आहेत, चाचा,” ग्रंथपाल बोरकुटे भाऊ सांगत होते. “इंग्लिश मीडियमच्या आहेत.”

“मंग तं ऐकू यायलेच पाह्यजे. तिथी लिसनिंगची परीक्षा असते म्हंतेत ना?”

बोरकुटे भाऊ हसले. मी बाहेर पडले आणि घुग्घुसची बस पकडली. त्या दिवशी खिडकीतून सिमेंटची जी काय धूळ आत आली, ती सगळी मी न पुसता घरापर्यंत नेली. जिल्दवाले चाचांची आणि माझी ओळख झाली ती अशी. म्हणजे त्यांना माझी झाली होती.

चंद्रपूरच्या जुन्या परकोटाच्या आत, एका वेशीपासून हाकेच्या अंतरावर ते वाचनालय आहे. चाचा त्याच्या मागच्या व्हरांड्यात बसून फाटकी पुस्तकं बांधत. पुढ्यात पाट, पाटावर सुई, दोरा, दाभण, आणि खळीचा डबा. खळीत ते मोरचूद घालत, त्यामुळे त्यांची बोटं कायम किंचित निळी दिसत. त्यांना सगळे चाचाच म्हणत. बोरकुटे भाऊ त्यांच्याहून फार लहान नव्हते, तरी तेही चाचाच म्हणत.

चाचांची एक सवय अशी होती की वाचल्याशिवाय ते कादंबरी बांधत नसत. हिशेबाच्या वह्या, गॅझेट, आरोग्याची पुस्तकं दोन दिवसांत बांधून मिळत. कादंबरीला दोन महिने लागत. लोक तक्रार करत. त्यावर चाचा शांतपणे म्हणत, “कोणतं पान कोणाच्या मागं लावाचं ते वाचल्याबिगर कसं समजंल?” पानांवर आकडे असतात हे कोणी त्यांच्या लक्षात आणून दिलं, तर ते तितक्याच शांतपणे म्हणत, “आकडे चुकते.”

दुसरी सवय म्हणजे ती कोरी पानं. प्रत्येक जुन्या कादंबरीच्या शेवटी ते सोळा कोरी पानं शिवत. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. सुरुवातीला समितीला वाटलं, ही जिल्द मजबूत करायची काही पद्धत असेल. पुढे त्या पानांवर मजकूर दिसू लागला, तेव्हा समितीनं विचारायचं ठरवलं. पण विचारायला जो जाई तो एखादं पुस्तक घेऊन परत येई आणि विषय राहून जाई.

मजकूर असा असायचा. ‘पान ३०. इथे सासू सुनेला उंबऱ्यावर बसू देत नाही. तेव्हा तसा समज होता. सासू वाईट आहे असे लेखकाला म्हणायचे नाही. ती पुढे वाईट होते, पान ७२.’ किंवा, ‘पान ११. मुलगा आगबोटीत बसतो म्हणून घरात रडतात. तो मरणार म्हणून नाही. समुद्र ओलांडला तर जातीबाहेर टाकत.’ अक्षर गोल, शाई निळी, खाली सही नाही.

“जे समद्यांले ठाऊक असते ते कोणी लिहीत नाई, बेटा,” चाचा मला एकदा म्हणाले. “लेखकानं ज्या लोकांयसाठी लिहिलं त्यायले ते ठाऊकच होतं. ते लोक गेले. पुस्तक राह्यलं. आता तू वाचून राह्यली, तं तुले अर्धंच वाचून राह्यली हेही कळत नाई.”

मला हे कळत नव्हतं ही गोष्ट खरी होती. मी घुग्घुसच्या धुळीतून रोज एका इंग्रजी शाळेत जायची, तिथे मराठी बोलल्यावर वर्गाबाहेर उभं करायचे. मी तशीही बोलत नसल्यामुळे मला हा नियम जड गेला नाही. चंद्रपुरात कॉलेजला आल्यावर मी वाचनालयाची सभासद झाले, कारण तिथे पंखा होता आणि कोणी बोलायला लावत नव्हतं. मराठी कादंबऱ्या वाचायला घेतल्या त्या बऱ्याचशा पंख्यामुळे. काही विचारायचं असलं की मी चिठ्ठी लिहून बोरकुटे भाऊंच्या टेबलावर ठेवायची. बोरकुटे भाऊ ती व्हरांड्यात द्यायचे. चाचा तिचं उत्तर तोंडी द्यायचे, तेही असं की वाचनकक्षातल्या पेपर वाचणाऱ्या सगळ्या म्हाताऱ्यांना ऐकू जावं. “त्या घुग्घुसच्या पोरीले सांगा, अष्टपुत्रे हे आडनाव आहे, आशीर्वाद नाई!”

मी काही महिने चिठ्ठ्या बंद केल्या होत्या.

पुन्हा सुरू झाल्या त्या हातमोज्यांमुळे. कॉलेजात आम्हाला एक जुनी इंग्रजी कादंबरी होती. तिच्यात नायिका एका पुरुषाशी बोलता बोलता उजव्या हातातला मोजा काढते आणि प्रकरण तिथेच संपतं. परीक्षेत प्रश्न आला, ती मोजा का काढते? आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये कुठलीही मुलगी गाडीवर निघाली की डोक्यापासून हनुवटीपर्यंत स्कार्फ आणि कोपरापर्यंत मोजे घालते. नाहीतर हात भाजतात. मी लिहिलं, ‘तोपर्यंत ऊन उतरलेलं असावं.’ वर्गातल्या अकरा मुलींनी हेच लिहिलं होतं. सरांना वाटलं आम्ही कॉपी केली. आम्ही कॉपी केली नव्हती. आम्ही सगळ्या चंद्रपूरच्या होतो, एवढंच.

ही हकिकत चाचांच्या कानावर कशी गेली माहीत नाही. त्यांनी मला व्हरांड्यात बोलावून घेतलं. मी पहिल्यांदाच त्यांच्यासमोर उभी होते.

“तिथी ऊन किती असते?”

“नसतंच,” मी म्हणाले.

“मंग मोजे काऊन?”

मला माहीत नव्हतं. चाचा म्हणाले, शोधून आण. मी आठवडाभर शोधलं आणि सांगितलं की त्या काळी, त्या घरांतल्या बायका उघड्या हातानं बाहेर पडत नसत, आणि कुमारिकेनं परक्या पुरुषापुढे हात उघडा करणं म्हणजे अर्धं वचन दिल्यासारखंच होतं.

चाचांनी सुई खाली ठेवली. “म्हंजे ते बोललीच. तोंडानं नाई, हातानं बोलली.” मग म्हणाले, “आन् तो काय करून राह्यला होता तेव्हा?”

“शेकोटीकडे बघत होता.”

“बैल,” चाचा म्हणाले, आणि ती इंग्रजी कादंबरी मागवून तिच्याही मागे सोळा पानं शिवली. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. नोंद मी लिहिली. व्हरांड्यात उभ्यानंच लिहिली, म्हणून ती तिरकी आली आहे.

ज्यांना विचारावं अशी माणसं चाचांनी गावभर हेरून ठेवली होती. एका जुन्या कादंबरीत सोवळ्याचा प्रसंग होता. सोवळं म्हणजे नेमकं काय, हे विचारायला ते एका वृद्ध निवृत्त शिक्षिकेच्या घरी गेले. तिनं अर्धा तास समजावून सांगितलं. कोणी कोणाला शिवायचं नाही, कुठपर्यंत यायचं, कुठून परत फिरायचं. चांगली बाई होती, चहाही दिला.

“ते उंबऱ्याच्या आत बसून सांगत होती,” चाचा मला म्हणाले. “मी अंगणात उभा होतो. अर्धं तं मले उभ्या उभ्याच समजलं.”

पुस्तकातल्या नोंदीत मात्र त्यांनी फक्त सोवळ्याचे नियम लिहिले आहेत आणि खाली ‘माहिती देणाऱ्या बाईंचे आभार’ असं लिहिलं आहे. मी विचारलं, अंगणाचं का नाही लिहिलं? ते म्हणाले, “कपाची जागा नाई नोंदीत.” कपाबद्दल ते काही बोललेच नव्हते, हे माझ्या घरी गेल्यावर लक्षात आलं.

आता आठशे बारा. ही कादंबरी शंभरेक वर्षांपूर्वीची असावी. असावी म्हणते, कारण तिची पहिली आठ पानं नाहीत आणि वाचनालयाच्या रजिस्टरमधलं ते पान वाळवीनं खाल्लं आहे. त्यामुळे तिचं नाव कोणाला माहीत नाही, लेखकाचंही नाही. पाठीवर ८१२ असा आकडा आहे, तेच तिचं नाव. गोष्ट आपल्याच भागातली, वैनगंगेच्या काठची. मालगुजाराचा, म्हणजे गावच्या जमीनदाराचा, मुलगा घराच्या आढ्यासाठी सरकारी जंगलातले दोन साग तोडतो आणि आळ येतो गोंड गाडीवानावर. तहसीलदार गावात कचेरी भरवतो. सगळे म्हणतात, आम्ही नाही पाहिलं. शेवटी मालगुजाराची सून गोदा पुढे येते. तहसीलदार विचारतो, साग कोणी तोडले? ती म्हणते, “दामोदर.” कारकून दौतीत टाक बुडवतो. गोदा पदर सावरते आणि नदीच्या घाटाकडे चालू लागते. समाप्त.

माझ्या मते ही एक साधी साक्ष होती. टीव्हीवर असल्या साक्षी आठवड्याला तीन होतात, आणि त्यांना निदान पार्श्वसंगीत असतं. म्हणून मी ‘मग काय?’ असं लिहिलं होतं.

आठशे बाराच्या मागे तेव्हाच बऱ्याच नोंदी झालेल्या होत्या. एका वाचकानं पान ४१ वर ‘रानटी’ हा शब्द काळ्या शाईनं खोडला होता. लेखक गाडीवानाला दर प्रसंगी तसंच म्हणतो. मला ते खोडणं पटलं होतं. चाचांनी शाई तशीच राहू दिली आणि मागे लिहिलं, ‘पान ४१. खोडलेला शब्द रानटी. तो लेखकाचा आहे, गाडीवानाचा नाही. चौदा प्रकरणांत गाडीवान दोनदा बोलतो. दोन्ही वेळा “होय मालक”. त्याला नाव दिलेले नाही.’ त्याखाली गडचिरोलीकडच्या कोणा वाचकानं बॉलपेननं एक ओळ जोडली आहे : ‘माझा आजा गाडीवान होता. तो खूप बोलायचा.’ मी शाळेत आणि कॉलेजात मिळून साहित्यावर बरंच काही शिकले. त्यातलं काही मला या दोन नोंदींइतकं आठवत नाही.

“तुझी मावशी सावलीले राह्यते ना?” चाचांनी एक दिवस विचारलं. हेही त्यांना कसं कळलं कोण जाणे. “तिच्या सासूले जाऊन विचार. नवऱ्याचं नाव काय, एवढंच विचार.”

“ते मला माहीत आहे. सोमाजी.”

“तुले माहीत आहे, ठीक आहे. तरी विचार.”

मी सावली गावी गेले. धानाची कापणी झाली होती आणि मावशीची सासू ओसरीवर बसून सुपात तांदूळ पाखडत होती. नवरा जाऊन तिला तीस वर्षं झाली असतील. मी तिच्या शेजारी बसले, बराच वेळ तांदूळ निवडले, आणि शेवटी विचारलं, “आजी, आजोबांचं नाव काय हो?”

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी सुपातला खडा वाटले असेन. मग ती घरात तोंड करून म्हणाली, “अवं, इले सांग.”

मावशी अंगणवाडीत काम करते, दिवसातून पन्नास नावं पुकारते. ती आतूनच ओरडली, “सोमाजी!”

म्हातारीनं डोळे मिटले आणि पदर कानावरून पुढे ओढला. घरात काहीतरी काचेचं फुटल्यावर माणूस करतो तसं. मग पुन्हा पाखडायला लागली. मावशीनं बाहेर येऊन मला सांगितलं की सासूबाईंनी आयुष्यात सोमवार हा शब्द उच्चारलेला नाही. त्यांचा आठवडा इतवारनंतर ‘इतवारच्या मागचा दिस’ असा सुरू होतो. मतदान केंद्रावर एकदा नवऱ्याचं नाव विचारलं, तर त्या मत न देता परत आल्या होत्या.

“काऊन पण, आजी?” मी विचारलं. मी असं बोलत नाही, पण त्या ओसरीवर ‘का’ फारच लहान वाटला असता.

“नाव घेतलं तं आवख कमी होते त्यायचं,” ती म्हणाली. आयुष्य कमी होतं म्हणजे. तीस वर्षांपूर्वी संपलेलं आयुष्य ती अजून जपत होती.

मग मी तिला गोदाची गोष्ट सांगितली. साग, गाडीवान, तहसीलदार, सगळं. माझ्या सावकाश आणि अडखळत्या मराठीत त्याला बराच वेळ लागला. ती पाखडत होती. “आणि मग ती सगळ्यांसमोर म्हणाली, दामोदर,” असं मी म्हटलं आणि सूप थांबलं.

“समद्यायसमोर?”

“हो.”

“सासरा होता तिथी?”

“होता.”

म्हातारीनं सूप खाली ठेवलं. मला वाटलं, तिला गोष्ट आवडली नाही. मग तिनं विचारलं, “मंग ते बाई गेली कुठी?”

“नदीवर.”

“नदीवर नाई वं. राह्यली कुठी ती, त्याच्यानंतर?”

पुस्तकात ते नाही. घाटापर्यंत गोदा जाते आणि पुढे पान कोरं आहे. मी तो कोरा भाग म्हणजे लेखकाचा आळस समजत होते. त्या ओसरीवर मला पहिल्यांदा समजलं की त्या एका शब्दानंतर गोदाला जायला जागाच उरलेली नव्हती, आणि हे ती शब्द उच्चारायच्या आधीपासून जाणत होती. शंभर वर्षांपूर्वीच्या वाचकाला हे कोणी सांगायची गरज नव्हती. त्याच्या घरात एक गोदा असणारच, जी त्याला ‘अहो’ म्हणत असेल.

चाचांना हे सांगितलं तेव्हा ते एका पुस्तकाचा कणा खळीनं सारवत होते. ऐकून त्यांनी हात पुसले. “आमच्यातही नाव घेत नाईत,” ते म्हणाले. “माझी बायको मले ‘सुनो’ म्हंते. चाळीस वर्षं झाली, अजून ऐकूनच राह्यलो.” मग आठशे बारा माझ्यापुढे सरकवलं. “लिही.”

मी माझ्या पेन्सिलीतल्या ‘मग काय?’च्या खाली शाईनं लिहिलं. पाऊण पान झालं. खाली सही करायला लागले तर चाचांनी हात आडवा धरला.

“नाव नाई टाकाचं.”

“का?”

“जिल्द चांगली असली तं बांधणाऱ्याची आठवण होत नाई. उखडली का होते. नाव टाकलं का लोकं पुस्तक सोडून नाव वाचतेत.”

मला हे सोयीचंच होतं. मी सही केली नाही.

नंतरच्या दोन वर्षांत चाचांची नजर गेली. मोतीबिंदूचं ऑपरेशन त्यांनी पुढे ढकलत नेलं, कारण मध्ये नेहमी एखादी कादंबरी बांधायची राहिलेली असे. शेवटी शेवटी मी वाचायची आणि ते ऐकत ऐकत शिवायचे. मी आयुष्यात सलग इतकं मोठ्यानं कधी बोलले नव्हते, पण ते माझं बोलणं नव्हतं, छापलेलं होतं, म्हणून जमत होतं. ते मध्येच थांबवून विचारायचे, “हे लोक जेवून राह्यले का चहा पिऊन राह्यले?” मी सांगायची, लिहिलेलं नाही. “मंग जेवूनच राह्यले. तेव्हा चहा नव्हता घरोघरी.”

गेल्या हिवाळ्यात ते गेले. चार दिवस खोकला आणि मग नाहीत, इतकं थोडक्यात. जावई एका गाठोड्यात अर्धवट शिवलेली पुस्तकं परत घेऊन आला. बोरकुटे भाऊ गाठोडं उघडत असताना मी जावयासमोर एक चिठ्ठी ठेवली. त्यावर एकच प्रश्न होता. जावयानं मागच्या बाजूला उत्तर लिहिलं, माझ्याकडे जरा चमत्कारिक नजरेनं पाहिलं, आणि गेला. ती चिठ्ठी मी पाकिटात ठेवली. चार वर्षांत मला हे विचारायचं सुचलं नव्हतं. कोणालाच सुचलं नव्हतं.

दोन महिन्यांपूर्वी समितीची सभा झाली. सभासदांना बसायची मुभा असते. मी शेवटच्या खुर्चीत होते. विषय असा की जुन्या कादंबऱ्या स्कॅन करून घ्यायच्या, मग मूळ प्रती रद्दीत द्यायच्या आणि त्या कपाटांच्या जागी स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी टेबलं टाकायची. मी स्वतः त्या परीक्षांचा अभ्यास करते. टेबलांची गरज मला चांगलीच माहीत आहे. स्कॅन करणाऱ्यांचा नियम असा होता की छापील पानं आणि वाचनालयात नोंद असलेली हस्तलिखितं, एवढंच घेतलं जाईल.

“मागची हाताने लिहिलेली पानं कापून काढायची,” अध्यक्ष म्हणाले. ते वाईट गृहस्थ नाहीत, निवृत्त अधिकारी आहेत. त्यांनी आठशे बारा हातात धरलं होतं.

“साहेब, ते चाचाचं काम आहे,” बोरकुटे भाऊ उठून म्हणाले. “पूरा जनम गेला त्यायचा त्याच्यात. पुस्तक बिना त्या पानाचं म्हंजे...” ते बसले.

अध्यक्षांनी पानं चाळली. माझं पाऊण पान त्यांनी थांबून वाचलं. मी माझ्या चपलांकडे बघत होते. “चांगलं आहे,” ते म्हणाले. “पण निनावी मजकूर वाचनालयाच्या नावावर कसा ठेवायचा? उद्या कोणी हरकत घेतली तर? एक करता येईल. लिहिणाऱ्याच्या नावानं देणगी म्हणून नोंद करू, म्हणजे पानंही स्कॅन होतील आणि प्रतीही राहतील. नाव सांगा.”

“चाचा,” बोरकुटे भाऊ म्हणाले.

“पूर्ण नाव, भाऊ.”

बोरकुटे भाऊंनी चाचांबरोबर तीस वर्षं चहा घेतला होता. त्यांनी खजिनदारांकडे पाहिलं. खजिनदारांनी चिटणीसांकडे पाहिलं. चिटणीसांनी जुनं रजिस्टर उघडलं. त्यात दर महिन्याला एकच शब्द होता, ‘जिल्दवाला’.

“शेख असं काहीतरी होतं,” कोणीतरी म्हणालं.

“असं काहीतरी नोंदवता येत नाही,” अध्यक्ष म्हणाले. त्यांनी पेनचं टोपण काढलं होतं, ते आता परत लावायला लागले. “मग छापील तेवढंच. पुढचा विषय घ्या.”

चाचांना हे आवडलं नसतं, हे मला पक्कं माहीत होतं. त्यांनी माझा हात धरून थांबवलं असतं, निळ्या बोटांनी. चिठ्ठी पाकिटात होती. ती पुढे पाठवायची तर मध्ये अकरा खुर्च्या होत्या, आणि प्रत्येक खुर्चीतल्या माणसानं ती उघडून वाचली असती, बोरकुटे भाऊंपर्यंत पोचेतो पुढचा विषय संपला असता. मी उभी राहिले. खुर्ची मागे सरकताना फरशीवर वाजली आणि सगळ्यांनी वळून पाहिलं. बोरकुटे भाऊंनी मला चार वर्षांत कधी उभं राहून बोलताना पाहिलं नव्हतं. त्यांना वाटलं मी निघाले.

“काही म्हणायचंय का, ताई?” अध्यक्षांनी विचारलं.

मी ते नाव घेतलं, सगळ्यांसमोर, पूर्ण, पाकीट न उघडता.

“शेख उस्मान शेख मेहबूब.”